जॉन फॉन नॉयमन : चालत्या यंत्राची आज्ञा बदलणारे गणिती



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रोझरी आटोपली होती आणि आपल्या धर्मग्रामातील एक तरुण माझ्या व्हरांड्यात लॅपटॉप उघडून बसला होता. त्याच्या आळीत वीज गेली होती आणि कंपनीचे काम तर तातडीचे होते. चहा घेता घेता मी विचारले, तेव्हा त्याने सांगितले की, कंपनीच्या एका प्रोग्रॅममध्ये चूक सापडली आहे आणि तो ती दुरुस्त करतो आहे. मग प्रोग्रॅम बंद ठेवला असेल ना, असे मी सहज म्हटले. त्यावर तो हसला. हजारो लोक त्या क्षणी तो प्रोग्रॅम वापरत होते, बंद करण्याची सोयच नव्हती. त्याने आतला एक तुकडा काढून दुसरा बसवला आणि प्रोग्रॅम चालूच राहिला.

धावत्या गाडीचे चाक बदलावे तसे हे मला वाटले. हे होते तरी कसे, याचा शोध घेत मी काही रात्री जागवल्या आणि एका माणसापाशी येऊन पोहोचलो. त्याचे नाव शाळेच्या पुस्तकांत फारसे येत नाही, पण आपल्या प्रत्येकाच्या खिशातील फोन त्याने आखलेल्या रीतीवर चालतो. एका कॅथलिक धर्मगुरूने त्याला अखेरचे संस्कार दिले, हे कळल्यावर तर त्याच्याविषयी लिहायचेच असे मी ठरवले. तो संत नव्हता, हे आधीच सांगतो.

नॉयमन यानोश यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरीतील बुडापेस्ट शहरात झाला. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, आपल्या शाळेच्या हजेरीपटासारखे. त्या तारखेला आपण हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा सण पाळतो, पण हे घर ज्यू होते, त्यांना त्याचे काय? वडील माक्स बँकेच्या व्यवसायात नावाजलेले. १९१३ साली राजाने त्यांना सरदारकी दिली आणि त्यातूनच पुढे नावात ‘फॉन’ आले. तीन भावांत यानोश थोरला. त्याची स्मरणशक्ती आणि तोंडी हिशेब पाहून पाहुणे थक्क होत. शाळा मात्र लुथरन पंथीयांची होती. तिथले गणिताचे शिक्षक लास्लो रात्झ यांनी मुलाची ओळख विद्यापीठातील प्राध्यापकांशी करून दिली. एक वर्ष पुढच्या वर्गात यूजीन विग्नर नावाचा मुलगा होता, ज्याला पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. एका शाळेच्या नशिबी किती असावे!

१९१९ साली हंगेरीत काही महिने कम्युनिस्ट राजवट आली आणि हे कुटुंब काही काळ देशाबाहेर पळाले. राजवट कोसळल्यावर सूडाची लाट आली, ती ज्यूंवर. १९२० च्या कायद्याने विद्यापीठातील त्यांच्या जागांना मर्यादा घातली. वडिलांनी व्यवहारी विचार केला. गणितावर पोट कसे भरणार? म्हणून मुलाला केमिकल इंजिनियरिंग शिकायला आधी बर्लिनला आणि मग झुरिकला पाठवले. मुलाने ती पदवी घेतली आणि त्याच वर्षी, १९२६ मध्ये, बुडापेस्टहून गणितातील डॉक्टरेटही मिळवली. आपल्याकडेही असे वडील आणि अशी मुले आहेत. दोन्हींची मर्जी राखायला मात्र नॉयमनचे डोके लागते.

त्यानंतर ते जर्मनीतील ग्योटिंगेनला डेव्हिड हिल्बर्ट या थोर गणितज्ञांकडे गेले. गणिताचा पाया कायमचा पक्का करावा, त्यात कुठेही फट राहू नये, असा हिल्बर्ट यांचा ध्यास होता आणि तरुण नॉयमन त्या कामाला लागले. सप्टेंबर १९३० मध्ये क्योनिग्सबर्ग येथील एका सभेत कुर्ट ग्योडेल नावाच्या चोवीस वर्षांच्या अबोल तरुणाने, जवळजवळ जाता जाता, असे सांगितले की हे घडणे शक्य नाही. उपस्थितांपैकी बहुतेकांच्या ते लक्षातही आले नाही. नॉयमन यांनी मात्र त्याला बाजूला घेतले.

ग्योडेलची युक्ती पुढच्या सगळ्या कथेचे बीज आहे, म्हणून थोडे थांबतो. त्याने गणितातील प्रत्येक विधानाला एक संख्या दिली. संख्यांविषयी बोलणारे विधान स्वतःच एक संख्या झाले, त्यामुळे गणित स्वतःविषयी बोलू लागले. सेमिनरीत तर्कशास्त्राच्या तासाला आम्हाला क्रेत बेटावरच्या त्या माणसाचे कोडे घातले जाई, जो म्हणतो की क्रेतचे सारेच लोक खोटारडे आहेत. संत पौलाच्या तीताला लिहिलेल्या पत्रातही ते आले आहे. आम्ही हसून सोडून देत असू. ग्योडेलने तेच कोडे संख्यांत विणले आणि हिल्बर्ट यांचे स्वप्न मोडले. दोन महिन्यांत नॉयमन यांनी त्यातून आणखी एक मोठा निष्कर्ष काढून ग्योडेलला पत्र लिहिले, तर त्याने तो आधीच छापायला दिला होता. नॉयमन यांनी कसलीही कुरकुर न करता श्रेय सोडून दिले. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे एका प्रसंगी त्यांना तसे वागता आले नाही.

त्याच १९३० साली ते मारिएट या तरुणीशी विवाहबद्ध झाले आणि त्या निमित्ताने त्यांनी कॅथलिक म्हणून स्नानसंस्कार घेतला. वडील आदल्याच वर्षी वारले होते. ते असेपर्यंत घरातील कोणी धर्म बदलला नव्हता, नंतर सगळ्यांनी बदलला. त्या काळच्या युरोपात ज्यू कुटुंबे असे का करीत, हे सांगायला नको. श्रद्धेचा त्यात भाग किती होता? मला वाटते, फारच थोडा. चर्चच्या वहीत नाव लागले आणि माणूस होता तसाच राहिला. पुढे ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. तिथल्या प्रगत अध्ययन संस्थेत १९३३ पासून ते प्राध्यापक होते आणि आइन्स्टाईन त्यांचे सहकारी. १९३५ मध्ये मुलगी मरीना जन्मली, १९३७ मध्ये घटस्फोट झाला, १९३८ मध्ये बुडापेस्टच्या क्लारा यांच्याशी दुसरा विवाह झाला. अमेरिकेत सगळे त्यांना जॉनी म्हणत. नीटनेटका सूट, घरी मोठ्या मेजवान्या, चावट विनोद आणि भयंकर बेदरकार मोटार चालवणे, यांसाठी ते प्रसिद्ध होते.

मग महायुद्ध आले. नॉयमन यांच्या गणिताला सगळीकडून मागणी होती. १९४३ पासून ते न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील लॉस अलामोसला जाऊ लागले, जिथे गुप्तपणे अणुबाँब तयार होत होता. प्लुटोनियमच्या गोळ्याभोवती स्फोटके कशी रचावीत म्हणजे तो सर्व बाजूंनी एकाच क्षणी दाबला जाईल, या गणितात त्यांचा मोठा वाटा होता. हिशेब इतके अवाढव्य की माणसांना वर्षे लागावीत. १९४४ च्या उन्हाळ्यात एका रेल्वे फलाटावर त्यांची गाठ हर्मन गोल्डस्टाईन या लष्करी अधिकाऱ्याशी पडली. गप्पांत गोल्डस्टाईन यांनी सांगितले की, फिलाडेल्फियात एक यंत्र बांधले जात आहे, ते सेकंदाला हजारो बेरजा करील.

हे यंत्र म्हणजे एनिॲक. तीस टन वजन, सुमारे अठरा हजार व्हॅक्यूम ट्यूब, एक प्रशस्त खोली भरून टाकणारे. बांधणारे होते प्रेस्पर एकर्ट आणि जॉन मॉकली. त्यावर गणिते बसवण्याचे काम सहा तरुणींकडे होते. त्यांतील एक केथलीन मॅकनल्टी ही आयर्लंडच्या डोनेगॉल भागात जन्मलेली, आयरिश मातृभाषा असलेली मुलगी. संत जोसेफच्या सिस्टरांच्या चेस्टनट हिल कॉलेजात तिने गणिताची पदवी घेतली होती. आपल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकणाऱ्या मुलींनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे.

एनिॲकची अडचण अशी होती की, ते हिशेब करी सेकंदात, पण नवा हिशेब सांगायला दिवसचे दिवस लागत. कारण संख्या यंत्राच्या आत फिरत आणि ‘काय करायचे’ हे मात्र बाहेर, शेकडो तारा आणि बटणांच्या जुळणीत असे. काम बदलायचे तर तारा उपसून पुन्हा खोचायच्या.

वेदीवरचा मिस्साग्रंथ आपल्या वेदीसेवकांनी जवळून पाहिला आहे. त्यात काळ्या अक्षरांत प्रार्थना असतात आणि लाल अक्षरांत सूचना असतात. धर्मगुरूने इथे हात पसरावेत, इथे वाकावे, इथे थांबावे. काळे ते म्हणायचे, लाल ते करायचे. लाल अक्षर कोणी मोठ्याने वाचले तर हशा होईल (नवा असताना माझ्याकडून एकदा झाला होता). एनिॲकमध्ये काळी अक्षरे यंत्रात होती, लाल अक्षरे भिंतीवरच्या तारांत. नॉयमन यांनी जी रचना कागदावर मांडली, तिच्यात लाल आणि काळे एकाच पानावर, एकाच मेमरीत आले. बेरीज करण्याची आज्ञाही एक संख्या आणि ज्यांची बेरीज करायची त्याही संख्या. ग्योडेलचे तत्त्व इथे तारा आणि ट्यूबमध्ये उतरले. ॲलन ट्युरिंग या इंग्रज तरुणाने १९३६ साली अशाच एका काल्पनिक यंत्राचे वर्णन केले होते आणि तो प्रिन्स्टनला असताना नॉयमन यांनी त्याला सहाय्यकाची जागाही देऊ केली होती.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटलकडून शिकलो की, घराचा आराखडा वेगळा आणि विटा वेगळ्या. आकार आणि द्रव्य. इथे आराखडाच विटांचा बनवला होता, आणि म्हणून गवंडी काम करता करता आराखड्यातली वीटही हलवू शकत होता.

एक साधे उदाहरण देतो. नाताळात मी घरोघरी आशीर्वाद द्यायला निघतो. समजा हातात एकच चिठ्ठी आहे : २०१ नंबरच्या घरी जा. शंभर घरांसाठी शंभर चिठ्ठ्या लिहिता येतील. किंवा असे करता येईल की, प्रत्येक घरातून निघताना चिठ्ठीवरचा आकडा खोडून एकने वाढवायचा. २०१ चे २०२, मग २०३. चिठ्ठी एकच, पण ती स्वतः बदलत जाते. मेमरीच्या शंभर खणांतील संख्यांची बेरीज त्या काळची यंत्रे अशीच करीत. यंत्र स्वतःची आज्ञा उचलून घेई, तिच्यात एक मिळवी आणि पुन्हा जागेवर ठेवी. चालता चालता प्रोग्रॅम बदलणे ही चैन नव्हती, तिच्याशिवाय काम पुढे सरकत नव्हते.

या रचनेचा अहवाल ३० जून १९४५ या तारखेचा आहे. एडव्हॅक या नियोजित यंत्राविषयीचा तो पहिला मसुदा. मला त्यातली एक बारीक गोष्ट फार आवडली. त्यांनी प्रत्येक खणाला एक खूण ठेवली होती, ही संख्या आहे की आज्ञा आहे हे सांगणारी. आज्ञेच्या खणात बाहेरून काही लिहायचे झाले तर तिचा फक्त घर नंबर बदलावा, क्रिया बदलू नये, असा नियम होता. म्हणजे लाल शाई त्यांनी पूर्ण टाकली नव्हती. पुढच्या वर्षीच्या आराखड्यात ती खूण गेली.

आणि आता तो प्रसंग. अहवालावर नाव एकट्या नॉयमन यांचे होते. एकर्ट, मॉकली आणि त्यांचे सहकारी महिनोन्‌महिने या विषयावर चर्चा करीत होते, आणि त्यांचा उल्लेख नाही. मसुदा होता, गोल्डस्टाईन यांनी तो टाईप करून वाटला, असा बचाव करता येतो. पण नॉयमन यांनी नंतर दुरुस्ती केली नाही. एकर्ट आणि मॉकली यांचे मन कायमचे दुखावले. १९७३ साली अमेरिकेच्या न्यायालयाने एनिॲकचे पेटंट रद्द केले, तेव्हा हा वाटलेला अहवालही त्यांच्या विरुद्ध गेला. आजही जग या रचनेला नॉयमन रचना म्हणते. ग्योडेलपुढे उदार झालेला माणूस इथे गप्प राहिला. मला हे खटकते.

अहवालावर ३० जून ही तारीख. १६ जुलैला वाळवंटात पहिला चाचणी स्फोट झाला. ९ ऑगस्टला त्याच रचनेचा बाँब घेऊन विमान निघाले. जपानची कोणती शहरे निवडावीत हे ठरवणाऱ्या समितीतही नॉयमन होते, हे सांगणे प्राप्त आहे. समितीने मे महिन्यात केलेल्या यादीत नागासाकी नव्हते, ते नंतर जोडले गेले. त्या सकाळी पहिले लक्ष्य कोकुरा होते. तिथे खालचे काही दिसेना, म्हणून विमान वळले. अकरा वाजून दोन मिनिटांनी नागासाकीतील उराकामी खोऱ्यावर बाँब फुटला. कॅथेड्रल तिथून सुमारे पाचशे मीटरवर होते. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या तयारीसाठी आत पापनिवेदने चालू होती. धर्मगुरू आणि भाविक कोणीही वाचले नाही. अडीचशे वर्षे लपून श्रद्धा जपलेल्या त्या समाजाची हजारो माणसे त्या दिवशी गेली.

नागासाकी हे नाव वसईकरांना परके नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया त्याच शहराच्या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर मरण पावले. त्यांच्या सणाला आपण तिथल्या सव्वीस हुतात्म्यांची नावे घेतो. माझ्या हातात नॉयमन यांचे चरित्र होते आणि त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. युद्ध लवकर संपले, लाखो वाचले, असे त्या काळी पुष्कळांनी म्हटले आणि आजही म्हणतात. चर्चने मात्र दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेत संपूर्ण शहरे बेचिराख करणाऱ्या कृत्यांचा स्पष्ट निषेध केला आहे. नॉयमन यांना पश्चात्ताप झाल्याचे कुठे दिसत नाही. उलट पुढे रशियावर आधीच हल्ला करावा, असे त्यांचे मत होते.

युद्धानंतर त्यांनी प्रिन्स्टनला स्वतःचे यंत्र बांधायला घेतले. त्याची मेमरी १,०२४ खणांची, प्रत्येक खण चाळीस अंकांचा. म्हणजे आजच्या एका फोटोलाही ती पुरणार नाही. १९५२ मध्ये त्याचे रीतसर उद्घाटन झाले. त्याचे आराखडे त्यांनी लपवले नाहीत, अनेक देशांत पाठवले, हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे. त्या कुटुंबातील एक यंत्र आपल्या मुंबईतही झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ते सुरू झाले आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले.

१९४७-४८ मध्ये गोल्डस्टाईन आणि नॉयमन यांनी प्रोग्रॅम कसा लिहावा यावर पुस्तिका काढल्या. त्यांत त्यांनी बजावले आहे की, प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत शब्दाला शब्द ठेवणे नाही. यंत्र चालताना आज्ञा बदलत जातात, तेव्हा कागदावर लिहिलेली आज्ञा पुढच्या क्षणी काय असेल याचा विचार लिहिणाऱ्याने आधीच केला पाहिजे. हे फार अवघड होते. १९४९ मध्ये मँचेस्टरच्या यंत्रात घर नंबर मोजायला वेगळा खण दिला गेला आणि चिठ्ठीवर खाडाखोड करण्याची गरज बरीच कमी झाली. प्रोग्रॅम लिहिणारे सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाले असतील की, बरे झाले.

पण ती कल्पना दुसऱ्या दाराने परत आली. सप्टेंबर १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात पासाडेना येथे नॉयमन यांचे एक व्याख्यान झाले. स्वतःसारखेच दुसरे यंत्र बांधणारे यंत्र कसे असेल, हा त्यांचा विषय. त्यांचे उत्तर असे की, यंत्राजवळ स्वतःचे लिखित वर्णन असावे आणि ते दोनदा वापरावे : एकदा आज्ञा म्हणून पाळावे, एकदा नुसते अक्षर म्हणून उतरवून पिल्लाला द्यावे. एकदा लाल, एकदा काळे. आपल्या पेशीतील डीएनए हेच करते, हे जगाला त्यानंतर कळले. डीएनएची रचनाच उलगडली १९५३ साली.

त्या सभेला जॉन मॅकार्थी नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी हजर होता. त्याच्या डोक्यात तिथे किडा शिरला. दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याने लिस्प नावाची भाषा तयार करायला घेतली. तिच्यात प्रोग्रॅमही एक यादी आणि प्रोग्रॅम ज्यावर काम करतो तीही एक यादी. म्हणून प्रोग्रॅम प्रोग्रॅमला वाचू शकतो, नवा लिहू शकतो आणि लगेच चालवू शकतो. पुढे स्मॉलटॉक, पायथन, रुबी अशा भाषा आल्या. आमच्या तरुणाने व्हरांड्यात जे केले ते पायथनमध्ये. त्याने समजावले ते मला असे कळले : या भाषांत प्रत्येक कामाला एक नाव असते आणि प्रोग्रॅम त्या नावाखाली कोण आहे हे आधीपासून पक्के करीत नाही, हाक मारण्याच्या क्षणी पाहतो. मधल्या वेळात नावाची पाटी दुसऱ्या दारावर लावली की पुढची हाक नव्या माणसाकडे जाते. जुने काम अर्धवट असेल तर ते जुन्याच रीतीने पुरे होते. याला ते लोक मंकी पॅचिंग म्हणतात. नाव विनोदी आहे, पण सावध करणारे आहे. रुबी भाषेत तर बेरजेचा अर्थसुद्धा चालता चालता बदलता येतो. एकाने सोयीसाठी पाटी बदलली आणि दुसऱ्याला पत्ताच नसला तर काय होईल? त्या तरुणाने कबूल केले की, अशी चूक शोधण्यात त्यांच्या गटाने एकदा दोन रात्री घालवल्या होत्या, कारण कागदावरचा प्रोग्रॅम निर्दोष होता.

याहून मोठा धोका बाहेरून येतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये एका विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्रॅम अमेरिकेतील संगणकांच्या जाळ्यात पसरला. त्याची एक युक्ती अशी की, नाव विचारणाऱ्या खिडकीत ठरल्यापेक्षा लांब मजकूर घुसवायचा. जादा अक्षरे शेजारच्या खणांत सांडत आणि यंत्र त्यांना आज्ञा समजून पाळू लागे. काळ्या अक्षरांचे लाल झाले. म्हणून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संगणकांत मेमरीच्या भागांवर पुन्हा खूण आली आहे : इथे लिहिता येईल पण इथले पाळता येणार नाही. १९४५ च्या मसुद्यातील खुणेची आठवण होते.

तरीही तेच दार उघडे नसते तर व्हॉयेजर-१ हे यान मुके झाले असते. १९७७ साली निघालेले हे यान नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्थहीन आकडे पाठवू लागले. मेमरीची एक चिप निकामी झाली होती. यान सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवर, संदेश पोहोचायला साडेबावीस तास. तिथे कोण मेकॅनिक जाणार? इंजिनियरांनी खराब खणांतील आज्ञांचे तुकडे केले, चांगल्या खणांत जिथे जागा मिळेल तिथे बसवले आणि एकमेकांचे घर नंबर दुरुस्त केले. एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा बोलू लागले.

नॉयमन यांच्याकडे परत येतो. १९५५ मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले. त्याच वर्षी खांद्याचे दुखणे निघाले, आणि तो कॅन्सर होता, हाडांत पसरलेला. १९५६ च्या आरंभी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्याकडून पदक घेताना ते चाकांच्या खुर्चीत होते. त्यानंतर वॉशिंग्टनचे वॉल्टर रीड लष्करी रुग्णालय. खाटेभोवती मंत्री आणि सेनाधिकारी सल्ल्यासाठी जमत. मेंदू आणि संगणक यांची तुलना करणारी व्याख्याने ते लिहीत होते, ती अपुरी राहिली. हळूहळू बुद्धीच साथ सोडू लागली. मुलीला ते साधे हिशेब विचारायला सांगत, सात आणि चार किती अशांसारखे, आणि ते सोडवायलाही त्यांना कष्ट पडत. मरीना यांना ते पाहवेना.

या काळात त्यांनी कॅथलिक धर्मगुरू बोलावले. आले ते फादर अँसेल्म स्ट्रिटमॅटर, बेनेडिक्टाईन संघाचे, पूर्वेकडील चर्चच्या जुन्या उपासनाग्रंथांचे अभ्यासक. हस्तलिखितांतील लाल आणि काळ्या ओळी त्यांच्याइतक्या कोणी पाहिल्या असतील? फादर अनेकदा आले, बोलले आणि त्यांनी त्यांना अखेरचे संस्कार दिले. मित्र चकित झाले. आयुष्यभर ज्याने धर्माची पर्वा केली नाही, ज्याने खेळांच्या डावपेचांचे गणित रचले, त्याने हाही एक डाव टाकला, असे काहींनी म्हटले. पास्कालने सांगितलेल्या पैजेचा उल्लेख नॉयमन यांनी स्वतः केला होता, असेही नमूद आहे. फादरांनी नंतर एवढेच सांगितले की, संस्कारांनंतरही त्यांची मृत्यूची भीती गेली नाही.

मला त्या मित्रांइतके आश्चर्य वाटत नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ साली शिकवले की, केवळ भीतीपोटी झालेला अपूर्ण पश्चात्तापही देवाची देणगी आहे आणि तो माणसाला पापक्षमेच्या संस्कारापर्यंत नेतो. रुग्णांच्या खाटेपाशी मी उभा राहिलो आहे. तिथे भीती नसलेली माणसे मला फार थोडी भेटली, आणि त्यांत नित्य मिस्साला येणारेही होते. १९३० मध्ये वहीत लिहिलेले नाव सव्वीस वर्षांनी कोणी हाक मारून तपासले, एवढे मी म्हणू शकतो. त्या खोलीत नागासाकीचा विषय निघाला का? ते पापनिवेदनाच्या मुद्रेखाली आहे आणि फादर स्ट्रिटमॅटर ते आपल्याबरोबर घेऊन गेले.

८ फेब्रुवारी १९५७ रोजी नॉयमन वारले. वय त्रेपन्न. प्रिन्स्टनच्या दफनभूमीत त्यांना पुरले. आदल्या मार्चमध्ये कुर्ट ग्योडेल यांनी त्यांना पत्र लिहून आजाराबद्दल दुःख व्यक्त केले होते आणि मग, जुन्या सवयीने, गणितातला एक प्रश्न विचारला होता. त्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणाला सापडलेले नाही. १९७८ मध्ये ग्योडेल यांनाही त्याच दफनभूमीत ठेवण्यात आले.